उष्णकटिबंधीय झुरळं पाळताना या चुका टाळा

हिसिंग (फुस्स आवाज करणारी) किंवा दुबिया या पाळल्या जाणाऱ्या उष्णकटिबंधीय झुरळांची कॉलनी उपासमारीने क्वचितच मरते. थंडी, कोरडी हवा आणि कोंदटपणा हीच तिची खरी दुखणी. झुरळ कशातही तगतं, हा समज स्वयंपाकघरात घुसणाऱ्या जातींवरून आलेला आहे. जंगलातल्या पालापाचोळ्यात राहणाऱ्या जातींना तो लागू पडत नाही.

पिल्लंच होत नाहीत

ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि बहुतेक वेळा कारण तापमानाचंच निघतं. 20–22 अंशांना हिसिंग झुरळं खातात, फिरतात, निरोगी दिसतात, पण वीण जवळपास थांबते. गरम बाजूला 28–30 अंश ठेवा आणि दुसरी बाजू चार-पाच अंशांनी थंड राहू द्या. एवढ्या उबेत मादी साधारण दोन महिने अंडी पोटात वागवते आणि मग 15–40 जिवंत पिल्लं देते. म्हणून आठवड्याभरात निष्कर्ष काढू नका.

हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटला जोडून बाजूच्या भिंतीवर लावा, तळाखाली नको. झुरळं उष्णतेपासून वाचायला खाली घुसतात आणि तिथेच भाजून निघतात. बल्बने ऊब दिली तर हवा कोरडी पडते, आणि प्रकाश टाळणारे हे कीटक दिवसभर लपून बसतात.

दुबियात नर जास्त झाले की माद्यांना स्वस्थता मिळत नाही. एका नरामागे तीन ते पाच माद्या पुरेत. ओळखणं सोपं आहे: प्रौढ नराला पूर्ण पंख, मादीला नुसते खुंट.

कात अडकते, पाय वाकडे होतात

कात टाकताना झुरळ उभ्या पुठ्ठ्याला धरून लटकतं. पाठीवरची कात मधोमध उकलते, आतून पांढराशुभ्र जीव सरकत बाहेर येतो आणि काही तासांत त्याचा रंग गडद होतो. हा पांढरा रंग म्हणजे आजार नाही. त्या वेळी त्याला हात लावलात तर मऊ पाय कायमचे वाकतात. हवा कोरडी असेल तर कात पायांना चिकटून बसते आणि पिल्लू तिथेच मरतं. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आडवे रचू नका, उभे ठेवा. लटकायला जागा मिळते आणि विष्ठाही खाली पडते.

ओल वाढवायची म्हणून रोज सगळीकडे फवारणी करणं ही मात्र दुसऱ्या टोकाची चूक. तळाला पसरलेल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) एकतृतीयांश भागच ओला ठेवा: मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण पाणी टपकू नये. बाकीचा भाग कोरडाच हवा. हिसिंगसाठी हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या आसपास पुरते. काचेवरचे थेंब दुपारपर्यंत वाळले नाहीत किंवा झाकण उघडताच अमोनियाचा उग्र वास आला, तर हवा खेळत नाही असं समजा. एक जाळी बाजूला खाली आणि दुसरी झाकणावर विरुद्ध टोकाला बसवा. जाळी बारीक आणि धातूचीच घ्या, प्लास्टिकची कुरतडली जाते.

अन्नावर माइट्सची पूड

खाद्य आणि भिंतींवर हलणारी फिकट पूड दिसली, तर ते धान्यातले माइट्स, म्हणजे कोळ्याच्या कुळातले अगदी बारीक जीव. भुकटी केलेलं खाद्य ओलं झालं की ते हमखास येतात. सगळं अन्न उचला, ट्रे बदला, आठवडाभर टाकी कोरडी ठेवा. या काळात गाजराचा तुकडा रात्री द्या आणि सकाळी काढून घ्या, म्हणजे पाण्याची गरज भागते. पुढे स्प्रिंगटेल (बुरशी खाणारे इवले जीव) सोडले तर बुरशीलाही आळा बसतो. हिसिंग झुरळांच्या अंगावर पायांजवळ फिरणारे माइट्स वेगळे असतात. ते झुरळावर साचलेले अन्नकण खातात, अपाय करत नाहीत. त्यांच्यासाठी औषध शोधू नका.

सतत फक्त मांजराचं खाद्य देऊ नका. जादा प्रथिनांमुळे शरीरात युरिक आम्लाचे साठे वाढत जातात. सुमारे 20 टक्के प्रथिनांचं कोरडं खाद्य आणि जोडीला भाजी-फळं ठीक. उघड्या वाटीत पिल्लं बुडतात, म्हणून पाण्यासाठी वॉटर जेल (पाणी धरून ठेवणारे मऊ गोळे) वापरा.

एकदम अनेक उताणी

बरीच झुरळं एकाच दिवशी उताणी पडून पाय झाडत असतील, तर आधी कीटकनाशकाचा संशय घ्या. डासांचं लिक्विड मशीन, स्प्रे, न धुतलेली फळं, यातलं काहीही पुरतं. टाकी लगेच दुसऱ्या खोलीत न्या आणि बेडिंग (तळाचा थर) बदला.

मादीने पोटातून फिकट अंडकोश (अंड्यांची पिशवी) अर्धा बाहेर काढला तर घाबरू नका, ती तो परत आत घेते. ओढू तर मुळीच नका. तो पूर्ण गळून पडला तर बहुधा पाणी कमी पडलंय किंवा हाताळणी जास्त झाली आहे.

पलायन आणि सफाई

हिसिंग झुरळं काचेवर सहज चढतात. वरच्या कडेला आतून 5 सेंटिमीटर रुंद व्हॅसलिनचा पट्टा लावा आणि धूळ बसली की नवा द्या. दुबिया स्वच्छ काचेवर चढत नाहीत, पण सिलिकॉनच्या सांध्यावरून आणि वाळलेल्या डागांवरून चढतात.

टाकी पूर्ण धुऊन काढू नका. नवी पिल्लं जुनी विष्ठाही खातात, म्हणून एकतृतीयांश थर मागे ठेवा. थेरिया ही पाळली जाणारी आणखी एक जात मातीतच अंडकोश टाकते, त्यामुळे तिची माती चाळल्याशिवाय फेकली तर पुढची पिढीच कचऱ्यात जाते. विष्ठेच्या धुळीने ॲलर्जी होते, म्हणून सफाई करताना मास्क आणि हातमोजे घाला. काढलेलं बेडिंग दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवूनच टाका, म्हणजे त्यातली पिल्लं बाहेर पसरणार नाहीत.