गाडीच्या विम्यात कोणाचा जीव मोजला जातो? या चुका टाळा

गोव्यात डिचोली, पेडणे, फोंडा, कुठेही विचारा, 'फुल इन्शुरन्स आहे' हेच उत्तर मिळतं. पण त्या कागदावर नेमक्या कोणाच्या जिवाला संरक्षण आहे, हे अपघात होईपर्यंत कोणी वाचत नाही.

सगळ्यांत महागात पडणारी चूक इथेच होते. पॉलिसीतला ओनर-ड्रायव्हरचा, म्हणजे स्वतः गाडी चालवणाऱ्या मालकाचा, वैयक्तिक अपघात विमा (पीए) 15 लाखांचा असतो. 2018 पर्यंत तो दुचाकीला 1 लाख आणि कारला 2 लाख एवढाच होता. आरसी आणि पॉलिसी ज्याच्या नावावर आहे आणि ज्याच्याकडे त्या वाहनाचं चालू लायसन्स आहे, त्या एकाच माणसासाठी तो असतो. आपल्याकडे कितीतरी घरांत वडील जहाजावर किंवा आखातात असतात, स्कूटर त्यांच्या नावावर असते आणि ती रोज कॉलेजला नेतो मुलगा. पॉलिसीच्या शर्तींप्रमाणे हे 15 लाख त्या मुलासाठी नसतात. अशा घरांनी मुलाच्या नावावर वेगळा वैयक्तिक अपघात विमा घ्यावा. इतर खर्चात काटकसर करा, इथे नको.

जुनी गाडी विकत घेतली की हाच घोळ होतो. थर्ड पार्टीचं, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचं, संरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे येतं, ओनर-ड्रायव्हरचं येत नाही. आरसी नावावर झाली की लगेच पॉलिसीही स्वतःच्या नावावर करून घ्या.

दुसरी चूक तारखांची. नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टी विमा 5 वर्षांचा घ्यावा लागतो, कारला 3 वर्षांचा. त्यामुळे वाटतं, आता पाच वर्षं बघायला नको. पॉलिसीचं पहिलं पान काढा आणि मुदतीच्या तारखा सावकाश वाचा. ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीचं नुकसान), थर्ड पार्टी आणि पीए यांच्या तारखा वेगवेगळ्या असू शकतात. पीए बहुतेकदा एकाच वर्षाचा घेतलेला असतो. तो संपला तरी थर्ड पार्टी चालूच असते, म्हणून पोलिसांनी अडवलं तरी ते लक्षात येत नाही.

उलट घरात एकाच्याच नावावर कार आणि स्कूटर असेल, तर दोन्हीकडे पीएचा हप्ता भरायची गरज नाही. 2019 पासून एक पुरतो. किमान 15 लाखांचा वेगळा अपघात विमा आधीच असेल, तरी एजंटला तसं सांगा.

तिसरा गैरसमज दवाखान्याच्या बिलाचा. पीए हा उपचाराचा विमा नाही. मृत्यू, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गमावणं, कायमचं पूर्ण अपंगत्व, यांना 100 टक्के रक्कम. एक हात, पाय किंवा एक डोळा गेला तर 50 टक्के. पाय मोडून तीन महिने प्लास्टरमध्ये राहिलात तर काहीच नाही. उपचारासाठी आरोग्य विमा हवा. 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमींना पहिले 7 दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजनाही आहे. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा दुसरीकडे दाखल करताना ती मागा.

मागे बसणाऱ्याचं काय? नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागे बसलेल्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली म्हटलं आहे. बायको-मुलांना रोज मागे बसवून नेत असाल तर पॅकेज पॉलिसीच (थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र) घ्या आणि त्यात प्रवाशांचा पीए जोडा.

खासगी नंबरची गाडी पर्यटकाला भाड्याने देणं हा तर सरळ जुगार आहे. भाड्याने दिलेल्या गाडीचा दावा खासगी पॉलिसीत अडकतो. दारू पिऊन चालवताना अपघात झाला तर पीएची रक्कमही मिळत नाही.

अपघातानंतर पोलीस तक्रार आणि पंचनाम्याची प्रत, दवाखान्याचे पहिल्या दिवसाचे कागद आणि लायसन्स जपून ठेवा. मृत्यू झाला असेल तर शवचिकित्सा अहवाल लागतो, अपंगत्व असेल तर त्याचा दाखला. नॉमिनीचं नाव आजच तपासा. कंपनीने दावा नाकारला किंवा लेखी तक्रारीला महिनाभर उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. गोव्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. फी लागत नाही, पण नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.