घरी प्लॅन्सवरून स्पोर्ट्स कार बांधताय? या चुका टाळा

लोटस सेव्हन ही १९५७ सालची गाडी, पण आजही घरी स्पोर्ट्स कार बांधायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तीच येते. लांब बॉनेट, बाहेर आलेली चाकं, धड दार नाही, वजन पाचशे किलोच्या आतबाहेर. आणि दिसते सोपी. चौकोनी पाइप कापा, जोडा, पत्रा ठोका, झालं! म्हणूनच तेच तेच घोळ दर वेळी बघायला लागतात, आणि खरं सांगू का, त्यातले बरेचसे फोटो टाकायच्या घाईतून येतात.

एका बाजूने वेल्ड करत सुटणे

हा माझा सगळ्यात नावडता. वेल्डिंग ओढतं. वितळलेला भाग गार होताना आकसतो आणि पाइपला आपल्याकडे खेचतो, हे ऐकून सगळ्यांना माहीत असतं, पण २५ मिलिमीटरच्या, १.६ मिलिमीटर जाडीच्या पाइपला ते किती खेचतं हे बघितल्याशिवाय कोणाला पटत नाही. ओळखीतल्या एका पोराने चासीची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची, डावी बाजू एका बसणीत पूर्ण वेल्ड करून टाकली. का, तर उजवीकडचे पाइप अजून कापायचे होते आणि मशीन चालूच होतं म्हणून. मग मला फोन, "दादा बघायला ये, गाडी दिसायला लागली!" गेलो. दिसत होती खरी. चार स्टँडवर ठेवलेली, मी सहज पुढच्या कोपऱ्यावर हात टेकवला तर टक्क आवाज करून तिरका समोरचा मागचा कोपरा उचलला, खाली बोट जाईल एवढी फट. टेप लावून कोपरा ते कोपरा मापलं तर दोन कर्णांत १४ मिलिमीटरचा फरक. यावर साहेबांचं उत्तर, "सस्पेन्शन अ‍ॅडजस्ट होतं ना, कव्हर होईल."

नाही होत. विशबोनचे, म्हणजे चाक धरणाऱ्या तिकोनी दांड्यांचे, कान त्याच पाइपांवर बसणार, म्हणजे एक चाक पुढे, दुसरं मागे, कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा पुढे-मागे कल) दोन्हीकडे वेगळा, मग सरळ रस्त्यावरसुद्धा गाडी एका बाजूला पळते आणि तुम्ही टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली ते, फिरवत बसता. शेवटी चासी परत टेबलावर आवळली आणि ग्राइंडरने जोड कापायला घेतले, तर एक पाइप कापता कापताच टण्णकन सुटला आणि बाजूला जाऊन थांबला, एवढा ताण त्यात भरून बसला होता. तेव्हा कुठे त्याला पटलं.

माझी सवय अशी, जाड सपाट बोर्ड, तो सगळ्या बाजूंनी लेव्हलला, त्यावर मधोमध एक रेष, आणि पाइप हलू नयेत म्हणून लाकडी ठोकळे स्क्रूने घट्ट. मग खालची फ्रेम, वरची फ्रेम, उभे पाइप, तिरके पाइप, सगळं फक्त टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारून उभं करायचं. एकही जोड पूर्ण नाही! सगळं मापून झालं की एक जोड इथे, पुढचा थेट तिरका समोर, आणि जोडाला हात लावता येईल इतका गार झाल्याशिवाय त्याच्या शेजारच्याला हात घालायचा नाही. मधे मधे कर्ण मापत राहायचे. चासी पुढे निमुळती आहे म्हणून कर्ण वेगळे येणारच असं काही जण सांगतात, ते चूक आहे, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजू सारख्या असतील तर कर्ण सारखेच यायला हवेत. दोन मिलिमीटरपर्यंत मी सोडून देतो, पुढे नाही.

जाता जाता, "मजबूत व्हावी" म्हणून ३ मिलिमीटर जाडीचा पाइप वापरणारे पण भेटतात. पाइपांचं वजन पावणेदोनपट होतं आणि चासीचा पीळ मात्र नुसत्या जाडीने जात नाही, कारण अशा फ्रेमला ताठपणा येतो तो तिरक्या पाइपांनी होणाऱ्या त्रिकोणांतून आणि रिव्हेट मारलेल्या पत्र्यातून. प्लॅनमध्ये एखादा तिरका पाइप आहे आणि तो तुमच्या हाताला आड येतोय म्हणून काढून टाकू नका.

आधी पावडर कोटिंग, मग जोडणी

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! चासी झाली की लगेच पावडर कोटिंगला, म्हणजे पावडर भट्टीत भाजून बसवलेल्या रंगाला, कारण चकचकीत दिसते. मग इंजिन बसवताना कळतं की माउंट जरा सरकवायला हवा, हँडब्रेकचा कान राहिलाच, पेट्रोलची लाइन धरायला क्लिप कुठेच नाही. आता खरवडा, वेल्ड करा, आजूबाजूचं कोटिंग जाळा. सगळी गाडी एकदा उघड्या लोखंडावर जोडायची, इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, पेडल, सीट, सायलेन्सर, सगळं. तुम्ही स्वतः बूट घालून आत बसून बघायचं, कारण या गाड्यांत पेडलजवळ जागा इतकी कमी असते की क्लच दाबताना ब्रेकही दाबला जातो. मग परत सगळं सुटं करून कोटिंगला. हो, दोनदा काम आहे. ज्यांना ते नको आहे त्यांनी तयार गाडी घ्यावी.

कोटिंगचा दुसरा ताप म्हणजे त्यातून करंट जात नाही. अर्थिंगच्या जागी खरवडून स्वच्छ लोखंड नाही काढलं तर ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणणार, हेडलाइट लावला की पेट्रोलचा काटा हलणार. लोक मग मीटर बदलतात, रिले बदलतात. आधी अर्थ बघा हो. इंजिन रबरी माउंटवर बसतं, त्याला चासीपासून जाड पट्टी वेगळी द्यावीच लागते. ती विसरली की स्टार्टरचा करंट मिळेल त्या वाटेने जातो, अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधूनसुद्धा, आणि ती केबल हात भाजेल इतकी तापते. चेक सोपा आहे, मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला तर अर्थ खराब.

बाकीच्या थोडक्यात

सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळू नका, वजन चाकांवर आल्यावर आवळा, नाहीतर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

जस्ताचा मुलामा असलेला पाइप तसाच वेल्ड करू नका. तो धूर ताप आणतो.

क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पाइप पुसून त्यावर आर्क मारायचा नाही, विषारी वायू तयार होतो. यात चर्चेला जागा नाही.

ड्रॉइंगमधलं माप पाइपच्या बाहेरच्या कडेचं आहे की मध्याचं, हे पहिला पाइप कापायच्या आधी ठरवा. इंच आणि मिलिमीटर मिसळू नका.

खड्ड्यात गाडी आपोआप वळते असं वाटलं तर टो नका छेडू. स्प्रिंग काढा, जॅकने चाक वरखाली करा आणि टो किती बदलतोय ते बघा. बदलत असेल तर बहुधा स्टिअरिंग रॅकची, म्हणजे चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्याची, उंची चुकली आहे, पातळ पट्ट्या घालून थोडी थोडी वरखाली करून बघा.

आणि ब्रेकच्या पाइपांच्या टोकाचे, बाहेरून आटे असलेले नट. जुन्या गाडीचे पार्ट आणि नवीन पाइप एकत्र आले की हा गोंधळ ठरलेला. ३/८ यूएनएफचा (इंचातल्या आट्यांचा) नट आणि एम १० बाय १ चा (मिलिमीटरमधल्या आट्यांचा) नट हातात घेतले तर जवळजवळ सारखेच, एक दुसऱ्याच्या भोकात ढिला का होईना जातो, आवळल्यासारखाही वाटतो, आणि जोरात ब्रेक मारला की आटे सोडतो. नट हाताने शेवटपर्यंत सरळ आणि न डगडगता फिरला पाहिजे, पाना फक्त शेवटी. शंका आली तर थ्रेड गेज, म्हणजे आटे मोजायची पट्टी, लावा, आणि पहिल्यांदा तेल भरल्यावर पेडल पूर्ण ताकदीने दाबून धरून दुसऱ्या माणसाला प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवायला सांगा.