ख्रिस्ती, पुरोगामी आणि घरात दुनळी: गावात कसं निभवायचं

दिंडोरी तालुक्याच्या पश्चिम अंगाला, डोंगराच्या कडेनं ज्यांची शेतं आहेत, त्यांना रानडुक्कर काय करतं ते सांगायला नको. भुईमूग भरायला लागला की एका रात्रीत अर्धा एकर नांगरल्यासारखा. त्यापायी माझ्या वडिलांनी 1984 साली बारा बोअरची दुनळी बंदूक घेतली. 2017 पासून ती माझ्या नावावर आहे.

आम्ही ख्रिस्ती. गावात आमची घरं तीन. मतदानाला आणि बोलायला मी पुरोगामी बाजूचा, म्हणजे गाव जिकडं झुकतं त्याच्या उलट. नाशिकच्या मित्रांना माझी बंदूक खटकते, गावाला माझी मतं खटकतात आणि चर्चच्या मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांना दोन्ही. मागच्या महिन्यात पेठ तालुक्यातल्या एका तरुणाचा फोन आला. तोही ख्रिस्तीच. "दादा, वडिलांची बंदूक नावावर करून घेऊ का जमा करून मोकळा होऊ?" तासभर बोललो. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

आधी कागद

आपल्याकडं बंदूक हा हक्क नाही. माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो, तिकडं 1791 पासून घटनेतच तशी दुरुस्ती आहे. आपल्याकडं 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे नियम. सरकार परवाना देतं, कारण दिसलं तर काढूनही घेतं. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं निम्मं वागणं आपोआप सुधारतं.

ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं, नाशिक शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडं. फॉर्म ए-1, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा डॉक्टरचा दाखला, बंदूक हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला. वय 21 पूर्ण हवं. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या, 2019 च्या दुरुस्तीनंतर दोनच. त्याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधी टाका. शेवटच्या आठवड्यात धावपळ करणाऱ्यांची बंदूक मुदत संपली की बेकायदा होते, आणि तेव्हा "सायब, द्राक्षाची छाटणी चालू होती" कुणी ऐकत नाही.

वडील वारले असतील तर बंदूक घरात ठेवून तेराव्याची किंवा स्मरणसभेची वाट बघू नका. परवाना त्यांच्या नावावर होता, तो त्यांच्याबरोबर संपला. लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करा, पावती घ्या, मग वारस म्हणून अर्ज करा. वडील हयात असले तर आणखी सोपं. त्यांची सत्तरी झाली किंवा बंदूक बाळगून 25 वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हापासून वारसाच्या नावानं अर्ज करता येतो. आम्ही असंच केलं. बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागतं. माझ्या थोरल्या बहिणीनं सही करायला नकार दिला. म्हणाली, "आधी कपाट दाखव. माझी पोरं सुट्टीला तुझ्याकडं येतात." मला राग आला होता. आज वाटतं, अर्जावर मिळालेली सगळ्यात चांगली हरकत तिची होती. कपाट आणलं, तिनं स्वतः कुलूप ओढून बघितलं, मग सही केली.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. अर्ज भरून देणारा एजंट मला म्हणाला, "कारणात अल्पसंख्याक आहे, जिवाला धोका आहे असं टाका, लवकर होईल." टाकू नका. पोलीस चौकशीला गावात येतात, शेजाऱ्यांचे जबाब घेतात. धोका कुणापासून, असं त्यांनी विचारलं तर काय सांगणार? ज्याच्या विहिरीवरून तुमची पाइपलाइन गेलीय त्याचं नाव? खरं कारण रानडुक्कर आहे, तेच लिहा. पिकाच्या कारणानं मागितलेल्या बंदुकीकडं गाव अवजार म्हणून बघतं. माणसाच्या कारणानं मागितलीत तर जन्मभर तुमच्याकडं त्याच नजरेनं बघेल.

कपाट, कुलूप आणि प्रार्थनेचा दिवस

दुनळी उघडली की नळी, दस्ता आणि पुढचं लाकूड असे तीन भाग सुटे होतात. माझी घरात कधीच जोडलेली नसते. नळी लोखंडी कपाटात, दस्ता ट्रंकेत, काडतुसं दुसऱ्या खोलीत वेगळ्या कुलपात. किल्ली माझ्याजवळ. बायकोलासुद्धा देत नाही, तिच्या नावावर परवाना नाही.

हे सगळ्याच बंदूकवाल्यांना लागू. आपल्याला एक जास्तीचं आहे. महिन्यातून एकदा आमच्याकडं प्रार्थनेला मंडळी जमतात, चौदा-पंधरा माणसं. "ख्रिस्ती लोक त्या घरात जमतात" हे एक वाक्य आणि "त्या घरात बंदूक आहे" हे दुसरं. दोन्ही खरी. पण पारावर ती शेजारी शेजारी बसली की तिसरं वाक्य आपोआप तयार होतं, आणि ते खोटं असतं. म्हणून उपासना ओसरीवर, दार सताड उघडं. येणाऱ्या-जाणाऱ्याला गाणी ऐकू येतात, चहा लागला तर चहा मिळतो. आतल्या खोलीला कुलूप. सात वर्षांत यात एकदाही खंड नाही.

नाताळात करंज्या आणि अनारशांची ताटं वीस घरी जातात, दिवाळीला तेवढीच ताटं आमच्याकडं येतात. हे काही बंदुकीसाठी सुरू केलेलं नाही, आजीच्या काळापासूनचं आहे. कुणी "तुम्ही बाहेरचे" म्हणालाच, तर शांतपणे सांगावं की शरणपूरची ख्रिस्ती वस्ती नाशकात एकोणिसाव्या शतकापासून आहे आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या ख्रिस्ती लक्ष्मीबाई टिळक आपल्या जलालपूरच्या. आवाज चढवायचं कारण नाही.

बिबट्याची रात्र

आमच्याकडं ऊस आहे, म्हणजे बिबट्या आहे. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात रात्री साडेनऊला अंगणात तीस-चाळीस माणसं आली. वस्तीवरून वासरू ओढून नेलं होतं. एरवी माझ्या मतांवरून मला "जेएनयूवाले" म्हणणारे सगळ्यात पुढं. "दादा, काढा बंदूक."

असा प्रसंग तुमच्यावर येणारच, त्याची आधीच तयारी ठेवा. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जीव वाचवायची वेळ प्रत्यक्ष अंगावर आली तर गोष्ट वेगळी, पण उसात शिरलेल्या बिबट्याच्या मागं पीक-संरक्षणाची दुनळी घेऊन जाणं म्हणजे सरळ तुरुंग. त्याहून वाईट म्हणजे बारा बोअरच्या छऱ्यानं जखमी झालेला बिबट्या आणि अंधारात चाळीस माणसं. रानडुकरावरसुद्धा वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय गोळी चालवता येत नाही. परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही.

मी कपाट उघडलं नाही. मोठी बॅटरी घेतली, वनखात्याचा 1926 नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. ही स्पीकरची युक्ती लक्षात ठेवा. नाहीतर "यानं फोन केलाच नाही" असं सकाळी ऐकावं लागतं. मग दोन ट्रॅक्टरचे दिवे उसाकडं लावले, डबे वाजवले, वासराची जागा कुणाला तुडवू दिली नाही, कारण पंचनामा झाल्याशिवाय भरपाई नाही. एक पोरगा चिडून म्हणाला, "मग ठेवली कशाला ती? पूजेला?" मी म्हटलं, "आमच्यात पूजा नसते रे." लोक हसले आणि तिथंच ताण सुटला. चार दिवसांनी पिंजरा लागला.

गेल्या आठ वर्षांत माझ्या बंदुकीतून नऊ बार निघालेत, सगळे डुकरं हुसकायला, वस्ती पाठीमागं आणि मोकळा डोंगर समोर ठेवून. खरं सांगायचं तर सुतळी बॉम्बनं तेच काम होतं, आणि तो स्वस्तात येतो.

हळदीला "एक बार होऊन जाऊ द्या" म्हणतील. लग्नात, मिरवणुकीत कुणाच्या जिवाला धोका होईल असा बार काढला तर 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझा एक साडू यावरून वर्षभर बोलत नव्हता. आता बोलतो.

वादात बंदुकीचं नाव नको

हे माझं स्वतःचं पाप, म्हणून जरा सविस्तर.

2021 च्या पावसाळ्यात शेजारच्या नानांशी बांधावरून जुंपली. त्यांच्या पोरानं नांगर हातभर आत घातला होता. बांधावरचं भांडण बांधावर राहिलं असतं, पण नाना म्हणाले, "तुम्ही लोक आधी धर्म बदलता, मग बांध बदलता." डोकं फिरलं. मी म्हणालो, "घरात काय आहे माझ्या, ते विसरू नका." बंदूक हा शब्द उच्चारला नाही. गरजच नव्हती.

नाना तडक ठाण्यात गेले. एन.सी., म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदली गेली, मागोमाग परवाना निलंबित का करू नये अशी नोटीस आली. बंदूक जमा झाली ती पाच महिने. त्या वर्षी भुईमूग डुकरांनी खाल्ला. आणि मला तक्रार करायला तोंड नव्हतं, कारण नानांचं खोटं काय होतं? ते मला धर्मावरून बोलले, ते चूकच. पण मी ज्या क्षणी कपाटाकडं बोट दाखवलं, त्या क्षणी त्यांचं बोलणं मागं पडलं आणि गावात एकच गोष्ट उरली.

पाळकसाहेबांकडं गेलो. मला वाटलं ते क्षमेवर बोलतील. ते म्हणाले, "येशूला धरायला आलेल्या माणसाचा पेत्रानं कान कापला, त्यानंतर काय बोलणं शिल्लक राहिलं होतं त्याच्याकडं?" दुसऱ्या दिवशी नानांच्या ओट्यावर गेलो आणि माफी मागितली. बांध मोजायला भूमापक आणला. नांगर खरंच आत आला होता, सव्वा हात. नानांनी खुंट मागं घेतली, काही न बोलता.

तेव्हापासूनचा नियम असा. मतांवर भांडायचं असेल तर खुशाल भांडा. शेजारच्या पोरीच्या आंतरजातीय लग्नाला मी उघड उभा राहिलो, 14 एप्रिलला मिरवणुकीत चालतो, धर्मांतराच्या अफवा ग्रुपवर आल्या की तिथं उत्तर देत नाही, टाकणाऱ्याच्या घरी जाऊन समोर बसून विचारतो. पण त्या कुठल्याच ठिकाणी बंदूक येत नाही, गमतीतही नाही. तिच्यासोबत फोटो नाही, स्टेटस नाही. मिश्या पिळत फोटो टाकणारे गावात आहेत. त्यांचं त्यांना लखलाभ. त्यांना गाव माफ करतं, आपल्याला करणार नाही. हे अन्याय्य आहे, पण आहे.

निवडणुकीत

आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करायची वेळ येऊ शकते. कुणाची जमा करायची ते छाननी समिती बघते. मी पहिल्याच दिवशी स्वतः जाऊन देतो. मी एका बाजूचा उघड प्रचार करतो. माझी बंदूक घरात असताना तो प्रचार करणं मलाच बरं वाटत नाही.

जमा करताना नळी आतून तेलाच्या चिंधीनं पुसा, बाहेरून हलका हात फिरवा, जुन्या गोधडीत गुंडाळा. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, बोअर, काडतुसांची संख्या आणि दस्त्यावरच्या चिरा लिहून घ्या. माझ्या दस्त्याला डाव्या अंगाला अंगठ्याएवढी चीर आहे, वडिलांच्या हातून 1991 ला ट्रॉलीवरून पडली तेव्हाची. परत आल्यावर पहिल्यांदा नळीतून उजेडाकडं बघा. एकदा मला आत तांबूस ठिपके दिसले. तारेच्या ब्रशनं घासून दोन दिवस तेल ठेवलं तेव्हा गेले.

नाशिकच्या मित्रांना काय सांगावं, असं पेठच्या त्या तरुणानं विचारलं. मी तर त्यांना ऑक्टोबरात शेतावर रात्री राहायला बोलावतो. दोघं आले, एकानं अडीच वाजता डुकरांचा कळप बघितला आणि मचाणावरून खाली उतरला नाही. तरीही सकाळी म्हणाला, बंदूक नकोच. त्याचं मत आहे, असू दे.

2025 च्या सुरुवातीला माझं नूतनीकरण होतं. हवालदार गावात चौकशीला आले, शेजारी म्हणून नानांच्या ओट्यावर बसले. मी लांब गोठ्यात होतो, पण ऐकू येत होतं. हवालदारांनी विचारलं, "यांनी कधी बंदुकीचा धाक दाखवला का?"

नाना थोडा वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "एकदा बोलला होता."

"लिहू का?"

"लिहा ना. खरं आहे ते. आणि पुढं हेही लिहा, चार वर्षं झाली, त्यानंतर नाही."