घरची झाडं आणि कुंपण छाटायचंय? शिडी सगळ्यात शेवटी काढा

मे महिना लागला की ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या घरांपासून नवी मुंबईत नेरूळ-वाशीच्या रो-हाऊसपर्यंत सगळीकडे फांद्या छाटायची घाई सुरू होते, कारण जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पाऊस आला की वाकलेली फांदी पत्र्यावर नाहीतर गाडीवर येणार हे सगळ्यांना माहीत असतं. काम करायलाच हवं, पण माझं एक ठाम म्हणणं आहे, जेवढं जमिनीवर उभं राहून होतं तेवढं जमिनीवरूनच करा, आणि घरच्या बागेत खरंतर बहुतेक काम तसंच होतं.

आधी परवानगीचं बघा. आपल्या शहरांना महाराष्ट्राचा झाडांच्या जतनाचा १९७५ चा कायदा लागू आहे, त्यामुळे झाड तुमच्याच कंपाउंडमध्ये असलं, तुम्हीच लावलेलं असलं तरी ते तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आंबा, जांभूळ, गुलमोहर अशा मोठ्या झाडाच्या जाड फांद्यांना हात लावायच्या आधीही पालिकेत विचारून घ्या, आणि सोसायटीचं झाड असेल तर कमिटीकडूनच अर्ज जाऊ दे. मेहंदी, दुरंता, जास्वंद, कढीपत्त्याचे शेंडे, ही कामं घरच्यांनी करायची.

मग झाडाभोवती एक चक्कर मारा आणि वर नीट बघा. कावळ्यांची घरटी साधारण एप्रिल ते जून असतात, अंडी-पिल्लं दिसली तर ती फांदी तशीच ठेवा, महिनाभराने काही बिघडत नाही. आंब्यावर पानं चिकटवून केलेली तांबड्या मुंग्यांची घरं, गांधीलमाश्यांचं पोळं, शेवग्याच्या खोडावर बसलेले केसाळ सुरवंट, हे खालूनच दिसतं, शिडीवर चढल्यावर अंगावर आले की माणूस पहिल्यांदा हात सोडतो आणि पडतो.

आणि विजेची तार. फांदी तारेला टेकत असेल किंवा तार दहा फुटांच्या आत असेल तर ते काम तुमचं नाहीच, माळ्याचंही नाही, महावितरणच्या १९१२ नंबरवर फोन करा. आजकाल घरोघरी असते ती अ‍ॅल्युमिनियमची शिडी, आणि लांब दांड्याच्या कात्रीचा पाइपही पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमचाच, दोन्हींतून करंट सरळ अंगात येतो, आणि ओला बांबूही सुरक्षित नाही.

कुंपण सोपं आहे. दोन टोकांना काठ्या रोवून दोरी ताणून बांधा म्हणजे रेषा सरळ येते, आणि खालची बाजू वरच्यापेक्षा थोडी रुंद ठेवा. सगळे उलटं करतात, वर फुगीर आणि खाली बारीक, मग खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि बुंध्याकडचं कुंपण उघडं पडतं. कण्हेर असेल तर हातमोजे घालाच, तिचा चीक विषारी असतो, डोळ्याला हात लावू नका.

आता शिडी लागणारच असेल तर ती उभी कुठे करताय हे महत्त्वाचं. पेव्हर ब्लॉक हलतात, त्यावर शेवाळ धरतं, कुंडीवर किंवा विटांवर पाय टेकवून उंची वाढवायची नाही. टेकवायची शिडी असेल तर चार फूट उंचीला एक फूट या हिशेबाने पाय भिंतीपासून लांब ठेवा, म्हणजे बारा फुटांवर टेकत असेल तर पाय तीन फूट बाहेर. घोडा, म्हणजे स्वतःच्या पायांवर उभी राहणारी घडीची शिडी असेल तर पूर्ण उघडून लॉक करा आणि अगदी वरच्या पायरीवर उभं राहू नका.

जी फांदी कापायची तिच्यावरच शिडी टेकवणं ही सगळ्यात धोक्याची गोष्ट, कारण टोकाचं वजन उतरलं की उरलेली फांदी वर उसळते आणि शिडीचा आधारच जातो. खोडाला टेकवा आणि वरचं टोक दोरीने बांधून टाका. शेवग्याला तर शिडी लावूच नका, त्याचं लाकूड पटकन मोडतं. तुम्ही चढताना खाली एकाने शिडी धरावी, पण वर बांधून झाल्यावर त्याने फांदी पडेल त्या जागेपासून लांब व्हावं, लोक नेमके तिथेच मान वर करून उभे राहतात. मुलं आणि स्कूटर आधीच हलवा.

वर असताना दोन पाय आणि एक हात शिडीवर, म्हणजे कापायला एकच हात उरतो, म्हणून वर फक्त सिकेटर, म्हणजे एका हाताने चालणारी छाटणीची कात्री, किंवा छोटी करवत न्या. दोन हातांची कात्री, कोयता आणि मशीनची करवत शिडीवर नाही म्हणजे नाही. हात पुरत नाही तर वाकू नका, उतरा आणि शिडी सरकवा, कंटाळा येतो पण तेच करायचं. पायात चप्पल नको, बूट हवेत, आणि चक्कर येत असेल, झोप येणारं औषध घेतलं असेल तर दुसऱ्याला चढू दे.

मनगटाएवढी फांदी एका झटक्यात कापली तर ती खोडाची साल ओढत खाली येते. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश कापा, मग त्याच्या थोडं पुढे वरून कापून फांदी पाडा, आणि उरलेला खुंट शेवटी काढा. खोडाला लागून जिथे फांदीचा फुगवटा असतो तो मात्र राहू दे, जखम तिथूनच भरते. ऑइल पेंट किंवा डांबर लावू नका. आंब्याला बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप चालतो, एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणात, घरी शंभर-शंभर ग्रॅम आणि एक लिटर पाणी पुरतं, फक्त प्लास्टिकच्या भांड्यात कालवा. एका वेळी झाडाचा पाव भागच काढा, त्याहून जास्त नको.

पाला जाळू नका, कण्हेरीचा तर अजिबात नाही, तिचा धूरसुद्धा विषारी असतो. बाकीचा पाला बारीक करून कुंड्यांत किंवा आळ्यात पसरा आणि जाड फांद्या पालिकेच्या लोकांना विचारून वेगळ्या द्या, नाल्याकडेला टाकल्या तर पहिल्याच मोठ्या पावसात जाळी तुंबते आणि पाणी आपल्याच गल्लीत चढतं.