सेगमेंटचे निकाल वाचताना या चुका टाळा

मडगावच्या माझ्या कार्यालयात आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होण्याआधीच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाला येणारी मुले वित्त कंपनीचा तिमाही निकाल हाती पडताच थेट नफ्याची ओळ गाठतात आणि पहिली चूक तिथेच करतात.

दोन वर्षांपूर्वी एका कर्ज देणाऱ्या कंपनीचा करपूर्व नफा १२० कोटींवरून १६० कोटींवर गेलेला पाहून अशाच एकाने ‘व्यवसायात ३३ टक्के वाढ’ असे टिपण लिहिले आणि मला न दाखवता ते सांग्याच्या एका काजू व्यापाऱ्यांना पाठवूनही दिले. सेगमेंटचा, म्हणजे धंद्याच्या एकेका विभागाचा वेगळा हिशेब देणारा तक्ता त्याने उघडलाच नव्हता. त्यात सर्व सेगमेंटच्या निकालांची बेरीज १२२ कोटींवरून १२१ कोटींवर उतरली होती. वाढ होती ती ‘अनअलोकेटेड’, म्हणजे कोणत्याच सेगमेंटला न वाटलेल्या उत्पन्न-खर्चाच्या ओळीत, जिथे आदल्या वर्षी २ कोटींचा निव्वळ खर्च होता आणि त्या वर्षी ३९ कोटींचे निव्वळ उत्पन्न. खालची टीप सांगत होती, की कार्यालयाची जुनी इमारत विकून ४१ कोटींचा नफा झाला आहे. कुळागराचा तुकडा विकायचा आणि यंदा सुपारी उदंड आली म्हणून सांगायचे, त्यातलाच हा प्रकार! व्यापाऱ्यांना फोन मलाच करावा लागला. त्यांनी त्याच सकाळी शेअर घेतले होते.

तेव्हापासून मी सेगमेंटची बेरीज, अनअलोकेटेड आणि करपूर्व नफा हे तीन आकडे दोन्ही वर्षांसाठी पेन्सिलीने एकाखाली एक मांडतो आणि ते जुळेपर्यंत पुढे वाचत नाही. ‘इंड एएस १०८’ या सेगमेंटविषयीच्या भारतीय लेखा मानकानुसार कंपनीला ही जुळणी द्यावीच लागते, त्यामुळे वेळ नव्हता ही सबब मी ऐकून घेत नाही.

दुसरी चूक शब्दाने घडवलेली आहे. बँकेच्या नफा-तोटा पत्रकात व्याज तेराव्या परिशिष्टात असते आणि चौदाव्याचे नाव ‘इतर उत्पन्न’ असते, म्हणून ते नॉन-ऑपरेटिंग, म्हणजे मुख्य धंद्याबाहेरचे समजून वजा करणारे पदवीधरही मी पाहिले आहेत. कमिशन, दलाली, परकीय चलन व्यवहारांतील नफा हा बँकेचा रोजचा धंदाच आहे. मात्र इमारत विकल्याचा नफाही त्याच परिशिष्टात बसतो, म्हणून आतली फोड पाहावीच लागते. याउलट इंड एएस पाळणाऱ्या बिगर-बँकिंग वित्त कंपनीत व्याज, शुल्क, लाभांश, इतकेच काय भाडेही मुख्य उत्पन्नात येते आणि ‘इतर उत्पन्न’ खरोखरच किरकोळ उरते.

आंतर-सेगमेंट उत्पन्न, म्हणजे एका सेगमेंटला त्याच कंपनीच्या दुसऱ्या सेगमेंटकडून मिळालेले उत्पन्न, वजा केल्याशिवाय सेगमेंटच्या वाट्याची टक्केवारी काढू नये. बँकांचे ट्रेझरी (बँकेची स्वतःची गुंतवणूक आणि निधी सांभाळणारा विभाग), कॉर्पोरेट, रिटेल हे विभाग रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेले आहेत, तर बिगर-बँकिंग कंपनीचे सेगमेंट तिच्या व्यवस्थापनाच्या नजरेतून पडतात. दोन्ही शेजारी ठेवून तुलना करणे व्यर्थ आहे. प्राप्तिकर परताव्यावरील व्याजही इमारतीच्या नफ्यासारखे दर तिमाहीला येणारे नसते, म्हणून ते दिसले, तर पुढच्या तिमाहीच्या अंदाजातून मी ते सरळ काढून टाकतो.