सिलिका ५० टक्के, मग क्वार्ट्झ कुठाय?

भूशास्त्राला नुकताच प्रवेश घेतलाय आणि ‘भूकवचाची रचना’ हा भाग सोपा वाटतोय, तर हे वाचाच. भूकवचात वजनाने ऑक्सिजन ४६.६ टक्के, सिलिकॉन २७.७, ॲल्युमिनियम ८.१, लोह ५, मग कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम. या आठांतच कवचाचं साडेअठ्ठ्याण्णव टक्के वजन संपतं. एवढं तुम्हाला येतंच. प्रश्नात ‘कवच’ आहे की ‘पृथ्वी’ तेवढं नीट वाचा, कारण अख्ख्या पृथ्वीत वजनाने लोह पहिलं येतं. बारावीपर्यंतची हुशारी इथे संपते.

पुढे जे येतं त्यात माझं पहिलं वर्ष गेलं, आणि अजूनही तो तक्ता समोर आला की पोटात गोळा येतो. म्हणून हे जरा लांबवून सांगतो.

पेट्रॉलॉजीच्या, म्हणजे खडकशास्त्राच्या, तासाला बेसॉल्टच्या (आपल्या सोलापूरकडच्या काळ्या दगडाच्या) रासायनिक विश्लेषणाचा तक्ता देतात. पहिलीच ओळ: सिलिका ५० टक्के. खनिजशास्त्रात तुम्ही शिकलेले असता की सिलिकॉन डायऑक्साइड म्हणजे क्वार्ट्झ. मग डोकं सरळ हिशेब करतं, अर्धा दगड क्वार्ट्झचा. प्रॅक्टिकलला त्याच दगडाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली येतो आणि त्यात क्वार्ट्झचा कणही सापडत नाही. विचारावं, तर उत्तर मिळतं, ‘पुस्तक वाचा.’

तर ऐका. विश्लेषण करताना दगड दळतात, वितळवतात किंवा आम्लात विरघळवतात. खनिजं तिथेच संपली. उरतात ती मूलद्रव्यं. ती मोजायची आणि प्रत्येकाला त्याच्या वाट्याचा ऑक्सिजन जोडून ऑक्साइड म्हणून लिहायचं, ही हिशेबाची रूढ पद्धत आहे. तक्त्यातली ‘सिलिका’ एवढंच सांगते की दगडात सिलिकॉन किती होतं. ते कुठल्या खनिजात बसलं होतं, याबद्दल ती ओळ गप्प असते.

आणि सिलिकॉन बसतं कुठे? जवळजवळ सगळीकडे. फेल्स्पार हा कवचातला सगळ्यात मोठा खनिजगट. शुद्ध अल्बाइट हे सोडियमचं फेल्स्पार, त्यात सिलिका ६८ टक्क्यांच्या वर. ॲनॉर्थाइट या कॅल्शियमच्या फेल्स्पारमध्ये ४३. डायोप्साइड या पायरॉक्सीनमध्ये (हा दुसरा खनिजगट) ५५. आपला काळा दगड मुख्यतः प्लाजिओक्लेज (म्हणजे सोडियम-कॅल्शियमचं मिश्र फेल्स्पार) आणि पायरॉक्सीनचा. दोन्ही मिसळा, सिलिका आपोआप ५० च्या आसपास येते, क्वार्ट्झ शून्य असलं तरी. फेल्स्पार आणि बाकीच्यांची गरज भागून सिलिका उरली, तरच ती क्वार्ट्झ म्हणून वेगळी स्फटिकते.

विश्वास बसत नसेल तर कवचाच्याच आकड्यावर करून बघा. सिलिकाचं वजन तिच्यातल्या सिलिकॉनच्या २.१४ पट असतं, म्हणून सिलिकॉन २७.७ ला २.१४ ने गुणा. उत्तर साधारण ५९. म्हणजे कवचात ऑक्साइडच्या हिशेबाने सिलिका ५९ टक्के, आणि क्वार्ट्झ? सुमारे १२ टक्के. निम्मं कवच फेल्स्पारचं आहे. १९२४ साली क्लार्क आणि वॉशिंग्टन या भूरसायनशास्त्रज्ञांनी खडकांच्या ५,१५९ विश्लेषणांवरून कवचाची जी प्रसिद्ध सरासरी काढली, तीही ऑक्साइडच्याच भाषेत आहे. म्हणून कुठलाही टक्का दिसला की आधी विचारायचं: हा मूलद्रव्याचा, ऑक्साइडचा, खनिजाचा की खडकाचा? आणि वजनाने की आकारमानाने? हे न विचारता पाठ केलेले तक्ते परीक्षेत दगा देतात. देतातच.

सोलापूरकरांसाठी यात आणखी एक गोम आहे. विहिरीतून निघालेल्या मांजऱ्या दगडात (भोकं भरलेल्या बेसॉल्टात) पांढरे, हिरवट दाणे दिसतात आणि पोरं ओरडतात, ‘सापडलं क्वार्ट्झ!’ ते बहुतेक वेळा झिओलाइट किंवा कॅल्साइट ही मऊ खनिजं असतात. चाकूने ओरखडा उठतो. कॅल्साइटवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतं. कधी कधी खरंच कॅल्सेडनी (क्वार्ट्झचाच अतिसूक्ष्म कणांचा प्रकार) किंवा क्वार्ट्झ निघतं, काचेवर ओरखडा काढतं. तरीही ते मूळ बेसॉल्टचं नव्हे. लाव्हा थंड होताना वायूच्या बुडबुड्यांची जी भोकं राहिली, ती नंतर पाण्याने आणलेल्या द्रव्याने भरली. ते वेगळं मोजायचं.

शिवाय सोलापूर काळ्या दगडावर उभं आहे म्हणून आपल्याखालचं सगळं कवच बेसॉल्टचं, असं समजू नका. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला जे खोल बोअर मारलं, त्यात बेसॉल्ट साधारण ३३८ मीटरवरच संपला आणि पुढे जुना नाइस हा रूपांतरित खडक लागला. खंडीय कवच सरासरी ३५ किलोमीटर जाड असतं. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आपला दख्खनचा लाव्हा म्हणजे त्यावरचं नुसतं पांघरूण.

खालचं बघायचंय? रायचूरकडे जाणारी गाडी पकडा. होटगी, अक्कलकोट रोड, दुधनी, गुलबर्ग्यापर्यंत काळा दगड. शहाबाद-वाडीला चुनखडक लागतो. तुमच्या आजीच्या घरातली शहाबादी फरशी तिथलीच. असे गाळाचे खडक जमिनीच्या पृष्ठभागाचा सुमारे पाऊण भाग व्यापतात, पण कवचात त्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के. आणि यादगीरला ग्रॅनाइटच्या टेकड्या. तिथे भिंग लावा: गुलाबी-पांढरं फेल्स्पार, काळं अभ्रक आणि त्यांच्यामध्ये काचेसारखं करडं क्वार्ट्झ. इथे सिलिका ७० च्या घरात असते, म्हणून उरली. एका तिकिटात एवढं कुठलाही क्लास शिकवणार नाही. फक्त मे महिन्यात जाऊ नका, दगड हातात धरवत नाही.

क्लासवरून आठवलं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘एका पानात पेट्रॉलॉजी’ छापाच्या नोट्स मला विषासारख्या वाटतात. मार्गदर्शकांबद्दलही माझं मत तिरकंच आहे: ज्यांच्या हातोडीवर गंज चढलाय, त्यांच्याकडून सही घ्या, दगड शिकायला जाऊ नका. आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांना इंग्रजी नावं धड येत नव्हती, पण नमुना हातात घेतल्या घेतल्या वजनावरून बेसॉल्ट की ग्रॅनाइट ते सांगायचे. बोअर मारणारेही उत्तम गुरू. गाडीशेजारी चुऱ्याचे ढीग पडतात ना, माती, मुरूम, मांजऱ्या, कडक पाषाण, तो खोलीनुसारचा छेदच असतो. चहा पाजा, उभे राहा, बघा.

घाबरू मात्र नका. खनिजांचे छेद पहिले काही महिने सगळ्यांनाच सारखे दिसतात, आणि मग एक दिवस प्लाजिओक्लेजचे काळे-पांढरे पट्टे न शोधता दिसायला लागतात. सोलापूर विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे, पुण्या-मुंबईला गेलंच पाहिजे असं काही नाही. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा, आयआयटीसारख्या बाहेरच्या संस्थांतल्या एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा, नंतर गेट. तयारी कशाचीही करा, पण दहापट भिंग पहिल्याच महिन्यात विकत घ्या, आणि नमुना पिशवीत टाकण्याआधी त्यावर जागा आणि तारीख लिहा. घरी आल्यावर सगळे काळे दगड सारखेच दिसतात.