बांडगूळ काढताना या चुका टाळा

शहरातल्या झाडांवरील बांडगूळ काढण्याचे काम बहुतेक वेळा जमिनीवरून आकडीने झुपके ओढून उरकले जाते, आणि सर्वांत जास्त नुकसान याच घाईमुळे होते. बांडगुळाची शोषक मुळे साल भेदून लाकडातील जलवाहिन्यांपर्यंत जातात व तेथून पाणी आणि क्षार घेतात; अन्न मात्र ते आपल्या हिरव्या पानांत बरेचसे स्वतःच तयार करते. त्यामुळे झुपका तुटला तरी सालीखाली उरलेल्या भागातून नवे कोंब येतात.

रस्त्याकडेच्या एका जुन्या आंब्याबाबत हेच घडताना मी पाहिले आहे. देखभाल करणारे लोक दर उन्हाळ्यात झुपके ओढून झाड साफ झाल्याचे सांगत, आणि रोगट फांदी कापा असे म्हटले की सावली कमी होईल, असे उत्तर देत. पावसाळ्यानंतर त्याच गाठींतून पुन्हा दाट पालवी फुटे, गाठीपुढचा शेंडा वाळत जाई आणि पक्ष्यांनी टाकलेल्या बिया खालच्या जाड फांद्यांवर रुजत. सुरुवातीला मनगटाएवढी फांदी कापून भागले असते. अखेरीस खोडालगतची मोठी फांदी काढावी लागली आणि जी सावली वाचवायची होती तीच गेली.

म्हणून मी झुपक्यापासून खोडाच्या बाजूला निदान 30 सेंटीमीटर अंतर सोडून फांदी कापतो. शक्य असेल तर त्याही खालच्या बेचक्यापर्यंत जातो आणि फांदीच्या बुडाशी असलेला फुगीर कडा न दुखावता, पण खुंटही न ठेवता काप घेतो. फांदी जड असेल तर आधी खालून अर्धवट काप द्यावा, नाहीतर ती तुटताना खोडाची साल सोलून नेते. यजमान झाडाची, म्हणजे ज्यावर बांडगूळ वाढते त्या झाडाची, पानगळ होते तेव्हा हिरवे झुपके स्पष्ट दिसतात. फळे पिकण्यापूर्वीच हे काम करावे, कारण चिकट गर असलेल्या बिया फुलटोच्यासारखे पक्षी फांद्यांवर पसरवतात.

खोडावरच बांडगूळ असेल तर कापण्याचा प्रश्नच येत नाही. तेथे झुपका सालीलगत काढून ती जागा अपारदर्शक काळ्या प्लास्टिकने गुंडाळावी आणि एक-दोन वर्षे प्रकाश मिळू देऊ नये. फवारणीचा आग्रह धरणाऱ्यांशी मी सहमत नाही: इथेफॉन या वाढ-नियंत्रक रसायनाने झुपका गळतो, पण आतला भाग जिवंत राहतो, आणि तणनाशक यजमान झाडालाही इजा करू शकते.

शेंडा छाटून झाड बुटके करू नये. आमरी (ऑर्किड) आणि नेचे केवळ आधारासाठी फांदीवर वाढतात. त्यांना बांडगूळ समजून ओरबाडू नये.

दुसरी मोठी चूक निदानाची आहे: झाड खचण्याचा सगळा दोष बांडगुळावर टाकला जातो आणि पाण्याची कमतरता नजरेआड होते. पाण्याच्या टंचाईतही बांडगूळ यजमानापेक्षा मोकळेपणाने बाष्पोत्सर्जन करते, म्हणजे पानांतून पाणी वाफेच्या रूपात बाहेर टाकते. त्यामुळे बुंध्याभोवती काँक्रीट असलेल्या, मुळांना पाणी न मिळणाऱ्या झाडाला ते लवकर खचवते. अशा ठिकाणी करवतीआधी आळे मोकळे करावे आणि उन्हाळ्यात खोलवर पाणी द्यावे. सशक्त झाडावरचे एक-दोन झुपके मी मुद्दाम राहू देतो. ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन आणि मॅथ्यू हेरिंग यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, बांडगुळे काढलेल्या वनखंडांत पक्ष्यांच्या प्रजाती घटल्याचे आढळले होते. मात्र झुपके वाढू लागले किंवा त्यांच्यापुढचे शेंडे वाळू लागले, तर ती फांदी त्याच हंगामात कापावी.